अजून कोणी?

१

लिफ्टच्या कामात आमची एक रीत होती. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जाते त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्टमध्ये माणसं कामाला उतरली की लिफ्ट हलवण्याआधी वरून हाका मारायच्या. एकेकाचं नाव घ्यायचं. त्याने "आहे" म्हणायचं आणि कुठे आहे ते सांगायचं. "आहे, छतावर." "आहे, खड्ड्यात." सगळ्यांचे जबाब आले की खाली तोंड करून शेवटचं विचारायचं, "अजून कोणी?"

मग थांबायचं.

या प्रश्नाला जबाब येत नाही. न येण्यासाठीच तो असतो. खालून काही आलं नाही की बटण दाबायचं.

मी हे काम केस पांढरे होईपर्यंत केलं. शिक्षण चार यत्ता. पण माझ्या शाफ्टमध्ये कधी कुणाला खरचटलं नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगतो, आणि त्यावर हसलेलं मला चालत नाही.

हाक मारायची सवय अजून सुटलेली नाही. घराला कुलूप लावतानाही मी आत तोंड करून "अजून कोणी?" म्हणतो. सून हसते. मी थांबतो, मग किल्ली फिरवतो.

२

माझ्या नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी तिचे पाय एका जागी ठरत नसत. आता ती मोठी झाली, तरी नाव तेच राहिलं.

तिला एका खेळाचं वेड. रविवारी दुपारी तिचे दोस्त येतात, टेबलाभोवती बसतात आणि गोष्ट खेळतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक फासा तेवढा असतो, वीस बाजूंचा, गोटीसारखा. बाकी सगळं तोंडाने.

एकदा मी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलत होतो. भिंगरी ओट्याला टेकून उभी राहिली.

"आबा, या रविवारी तुम्ही सांगायचं."

"काय सांगायचं?"

"गोष्ट. खेळात."

"मी काय नाटकातला आहे?"

"तुम्ही दर रविवारी दाराआड बसून ऐकता. पेपर हातात असतो, पण पान उलटत नाही."

"मी सावकाश वाचतो."

"एकदा तर पेपर उलटा होता."

"माझा पेपर कधी उलटा नसतो," मी म्हणालो. "पान्हा दे."

तिने पान्हा दिला, पण हलली नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी सगळ्यांना खेळवते, आबा. मला कुणी खेळवत नाही. मला फक्त एकदा खेळायचंय. सोमवारी मी जाणार."

ती शिकायला लांब जाणार होती. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. बॅगा मात्र भरून दाराशी होत्या.

तिने माझ्यापुढे एक जाडजूड पुस्तक धरलं. मी म्हणालो, "पुस्तक ठेव. तोंडाने सांग."

"सांगणारा एकेकाला विचारतो, आता तू काय करतेस? मी म्हणाले दार ढकलते, तर दार ढकललं."

"आणि दार उघडतंय का नाही, कुणाला माहीत?"

"मग फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर उघडलं. पण जिथे शंका असेल तिथेच फासा. सरळ गोष्टीला फासा नाही. हातातून सुटलेला दगड खाली पडेल का, याला कुणी फासा टाकत नाही."

"आणि शंका आहे का नाही, हे कोण ठरवणार?"

"सांगणारा. टेबलावर त्याचा शब्द शेवटचा."

हे मला पटलं.

"अजून एक," ती म्हणाली. "सांगणाऱ्याने ज्याला विचारलं आणि ज्याने उत्तर दिलं, तो खेळात आला. मग मनात आलं म्हणून त्याला काढता येत नाही."

"कशाला काढू?" मी म्हणालो आणि नळ सोडला. थेंब गळत नव्हता.

३

रविवारी दुपारी टेबल पुसून घेतलं. टेबलाला सहा खुर्च्या. माझी एका टोकाला, खिडकीकडे पाठ. डाव्या हाताला भिंगरी, तिच्यापलीकडे तिची मैत्रीण चष्मिस. उजव्या हाताला सून, तिच्यापलीकडे लांबू. हा पोरगा बसला तरी उभा वाटतो. समोरच्या टोकाची खुर्ची रिकामी. तिच्यामागे काचेचं कपाट, त्यात कपबशा. मुलगा कामावर गेला होता.

ऊन थेट टेबलावर पडलं होतं. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो.

"बाबा, लवकर आटपा हं," सून म्हणाली. "माझे कपडे वाळत घालायचेत."

"कोण होणार ते सांगा," मी म्हणालो.

लांबू कुलपं उघडणारा झाला. चष्मिस वैद्य झाली. सून म्हणाली, "मी वाघ पाळणारी. वाघासकट."

"वाघ खाली बांधायचा. लिफ्टमध्ये घ्यायचा नाही."

"का?"

"वजन."

"अहो, खोटा वाघ आहे!"

"लिफ्ट माझी आहे," मी म्हणालो. लांबू खो खो हसला.

भिंगरी म्हणाली, "मी कंदीलवाली."

गोष्ट मी साधी ठेवली होती. एक उंच मनोरा. टोकाला मोठा दिवा. वाट चुकलेली माणसं तो बघून घरी येतात. दिवा विझलाय. चौघांनी वर जायचं, कंदिलाच्या ज्योतीवर दिवा पेटवायचा, आणि सगळ्यांनी परत खाली यायचं. मनोऱ्यात एक जुनी लिफ्ट. आत पितळी पाटी. त्यावर लिहिलंय, चार माणसं.

माझ्याकडे शब्द कमी आहेत. पण लिफ्ट मला माहीत आहे. जाळीचं दार सरकताना दातात खडा आल्यासारखं कसं वाटतं, दोर ताणला की पायांखालची फळी आधी किंचित खाली जाते आणि मगच वर निघते, वर कुठेतरी मोटार कशी घसा खाकरते, एवढंच मी सांगितलं. सांगून वर बघितलं. सूनबाईंनी टेबलाची कड धरली होती. लांबूचं तोंड उघडं होतं.

"आबा, तुम्ही आधी का नाही सांगितलंत कधी?" चष्मिस म्हणाली.

"कुणी विचारलं नाही," मी म्हणालो. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग मी फेरी घेतली. लांबू, काय करतोस? वैद्यबाई, तुम्ही? सूनबाई? भिंगरी? चौघांनी सांगितलं. चौघे लिफ्टमध्ये चढले. मी दार लावलं. आणि सवयीने, कसलाही विचार न करता, समोर बघून म्हणालो, "अजून कोणी?"

सगळे हसले. मी थांबलो.

"आहे."

आवाज मोठा नव्हता. खड्ड्यातून येतो तसा जरा उशिरा आला, भिंतींना घासत. मला तो डाव्या कानाने ऐकू आला.

माझा डावा कान मोटारीच्या घरघरीने कधीच खाल्लाय. त्या कानात डॉक्टरांनी ओरडून बघितलं होतं.

४

माझं पहिलं म्हणणं असं, की कान वाजला. म्हाताऱ्या माणसाचं काहीही वाजतं. मी गोष्ट पुढे नेली.

लिफ्ट मधल्या मजल्यावर अडली. चौघांना उतरून दुसरीकडची कळ शोधायची होती. लांब बोळ, दोन्हीकडे बंद दारं. लांबूने एका कुलपावर फासा टाकला. सतरा. कुलूप उघडलं. पोरगा असा ओरडला, की खरंच घर मिळालं असावं. चष्मिसने सूनबाईंचा मुरगळलेला पाय बांधला. सून खरोखर पाय चोळत होती. खेळ रंगला होता. मी पुढची फेरी सुरू करणार, तेवढ्यात लांबू म्हणाला, "आबा, समोरच्याची पाळी राहिली."

"समोर कोण आहे?"

"असं काय करता? तुम्हीच घेतलंत ना त्याला."

मला राग आला. पोरं म्हाताऱ्याची गंमत करतात, ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "बरं. नाव काय त्याचं?"

तिघं एकमेकांकडे बघून हसली. एखादं नाव ओठांवर असतं आणि येत नाही, तेव्हा माणूस हसतो तसं. सूनबाईंनी कपाळावर बोट टेकलं. "अहो, आत्ता होतं तोंडात."

सूनबाई मस्करी करत नाहीत. त्यांना येतच नाही.

"आणि काय करतोय तो?" मी विचारलं.

"आमच्या मागून येतोय," चष्मिस सहज म्हणाली. हातातल्या पेन्सिलीचं टोक बघत. "पाठ आमच्याकडे करून. उलटा."

मी समोर बघितलं. खुर्ची रिकामी होती. पण तिची पाठ आता टेबलाकडे होती. बसणाऱ्याने कपाटाकडे तोंड करून बसावं, तशी ती फिरली होती. मला ती फिरताना दिसली नव्हती. लाकडी खुर्ची, फरशीवर ओढली तर शेजाऱ्यांना ऐकू जाते.

लांबूने फिरवली असेल. त्याचे हात लांब आहेत. मी स्वतःला असं सांगितलं आणि ते मला पटलं नाही.

भिंगरी खुर्चीकडे बघत होती. तिचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

५

सून उठून चहा करून आली. ट्रे ठेवला. कप वाटले. मला, चष्मिसला, लांबूला, स्वतःला. उरलेला एक तिने समोरच्या टोकाशी नेऊन ठेवला, फिरलेल्या खुर्चीच्या पाठीमागे. कपाचा कान उजवीकडे केला, धरायला सोपा पडावा म्हणून. मग बसली.

भिंगरीपुढे कप नव्हता.

"एक कमी पडला," मी म्हणालो.

सूनबाईंनी टेबलावरून नजर फिरवली. मोजलं. भिंगरीवरून नजर गेली, पण थांबली नाही. खिडकीवरून जाते तशी गेली. "बरोबर आहेत की, बाबा."

तिची आई होती ती.

मी भिंगरीकडे वळलो. पोर हातभर अंतरावर होती. तिच्यावर ऊन पडलं होतं, पण उजेड पडलेला वाटत नव्हता. एरवी तिने चहासाठी घर डोक्यावर घेतलं असतं. ती हळूच म्हणाली, "राहू दे, आबा. मला नको."

"नको म्हणजे?"

"जागा नाही," ती म्हणाली.

मी कप आवाज न करता बशीत ठेवला. ज्याचे हात कापतात त्याने शाफ्टमध्ये उतरू नये. मी ठरवलं, खेळ लगेच संपवायचा. सगळ्यांना वर न्यायचं, दिवा पेटवायचा, खाली आणायचं. लांबूने कळ दाबली. लिफ्ट सुरू झाली. चला, लिफ्टमध्ये चला.

"अंधार आहे," लांबू म्हणाला. "आपण दिवा का नाही आणला कुणी?"

"खरंच की," सून म्हणाली. "एवढं वर जायचं, आणि एकाच्याही हातात कंदील नाही. कमाल आहे आपली."

"चाचपडत जाऊ," चष्मिस म्हणाली.

कंदील टेबलावर होता. भिंगरीने सकाळी कागदाचा केला होता, पिवळ्या ज्योतीचा. तो तिच्यापुढे उभा होता. चष्मिसने त्याच्यावरून हात नेऊन बिस्कीट घेतलं. कंदील पडला. कुणी उचलला नाही.

मी फेरी घेतली. "लांबू?"

"आहे."

"वैद्यबाई?"

"आहे."

"सूनबाई?"

"आहे, बाबा."

मग माझं बोट डावीकडे गेलं. तोंड उघडलं आणि नाव आलं नाही.

लिहिताना अजून अंगावर काटा येतो. तोंडात जीभ होती, जिभेवर काही नव्हतं. माझ्या डाव्या हाताला एक मुलगी बसली होती. मी विचार केला, ही कोणाची? हिला कुणी आत घेतलं?

आणि डाव्या कानात, अगदी जवळून, आवाज आला. "आहे."

चार जबाब. पाटीवर लिहिलंय, चार माणसं. हिशोब जुळत होता. बटण दाबायला हरकत नव्हती. कामावर असतो तर मी दाबलं असतं.

६

तेवढ्यात घंटा वाजली.

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. आमच्या दाराबाहेरच. वजन जास्त झालं की तिची घंटा वाजते, आणि कुणी उतरेपर्यंत थांबत नाही. ती घंटा वाजत होती. दुपारची सामसूम. जिन्यात कुणी बोलत नव्हतं, पायांचा आवाज नव्हता. घंटा नुसती वाजत होती.

"आपली लिफ्ट का हलत नाही?" सूनबाईंनी विचारलं. त्या मनोऱ्यातल्या लिफ्टबद्दल बोलत होत्या.

माझं मोजणं चुकेल. मी म्हातारा आहे. आईचं चुकलं, तर माझं चुकायला काय झालं? पण घंटा डोळ्यांनी मोजत नाही आणि नावाने ओळखत नाही. तिला पायांखालचं वजन कळतं. घंटा सांगत होती, आत चार नाहीत. आत पाच आहेत. म्हणजे चारही जबाब देणाऱ्यांखेरीज अजून कोणीतरी आत होतं, आणि मी त्याला मोजलं नव्हतं.

मी न बघता डावा हात लांब केला. टेबलाखाली एक मनगट हाताला लागलं. बारीक, गार, शाफ्टमधल्या लोखंडासारखं. मी ते धरलं. त्यावर एक जुना व्रण होता. लहानपणी एका दुकानातल्या जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारात बोट घालायला गेली होती, तेव्हा मीच ओढली होती, तेव्हाचा.

"भिंगरी," मी म्हणालो.

नाव आलं, तसा मला घाम फुटला. पण आवाज सरळ होता. मी उभा राहिलो. मनगट सोडलं नाही. समोरच्या खुर्चीकडे बघून विचारलं, "तू. जबाब दिलास. कुठे आहेस ते सांगितलं नाहीस. कुठे आहेस?"

जबाब आला नाही.

"माझ्या कामावर ज्याने आहे म्हटलं, त्याने कुठे ते सांगायचं. कुठे आहेस?"

खुर्ची कपाटाकडे तोंड करून होती. मागे काच. काचेत खिडकी दिसत होती, मी दिसत होतो, टेबल दिसत होतं. आणि खुर्चीवर बसलेल्याचं तोंड जिथे दिसायला हवं, तिथे एक फट होती. उभी, काळी. लिफ्ट खाली गेल्यावर दाराच्या फटीला डोळा लावला की दिसतं, तेवढंच. ती खोल होती. कपाटापेक्षा, भिंतीपेक्षा, आमच्या घरापेक्षा खोल. तिच्यातून गार वारा येत होता, आणि खूप खाली काहीतरी माझ्याकडे वर बघत होतं.

जन्मभर मी असल्या फटीत तोंड घालून हाका मारल्या. मी नजर काढली नाही.

"वजन जास्त झालंय," मी म्हणालो. "आता शेवटी चढला तो उतरेल."

लांबू चुळबुळला. "आबा, पण तो खेळात आहे. फासा तरी टाकू द्या."

टेबलावरचा फासा हलला. कुणी हात लावला नव्हता. तो स्वतःभोवती फिरला, कपांमधून वाट काढत माझ्यापुढे आला आणि थांबला. वीस.

"वीस," चष्मिस पुटपुटली. "याच्यावर आकडा नाही. तो राहिला."

भिंगरीचं मनगट माझ्या हातात हलकं व्हायला लागलं. पाण्यातून बाहेर काढलेल्या कपड्यातून पाणी निथळावं, तसं त्यातून वजन निथळत होतं.

मी फासा उचलला आणि खिशात टाकला.

"जिथे शंका असेल तिथेच फासा," मी म्हणालो. "इथे कसली शंका? जगात कुठल्याही लिफ्टमध्ये जा. घंटा वाजली की शेवटी चढलेला उतरतो. साहेब असो, हमाल असो. मी शिकवायची गरज नाही. तुला काढत नाही मी. तू खेळात होतास, खेळातला नियम तुलाही लागू. सांगणारा मी आहे. टेबलावर माझा शब्द शेवटचा. दार उघडलंय. उतर."

घंटा वाजत राहिली. डाव्या कानात काहीतरी बोलू लागलं. ते माझं नाव घेत होतं. माझ्या गेलेल्या बायकोच्या आवाजात, मग माझ्या स्वतःच्या. मी ऐकून घेतलं. बहिऱ्या कानाचं कोण मनावर घेतो?

"उतर," मी म्हणालो. तिसऱ्यांदा सांगायची सवय मला नाही.

खुर्ची फरशीवर घासली. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. लांबू दचकून मागे झाला. कप बशीत थरथरला. टेबलाच्या कडेने गारठा निघाला, लांबूमागून, सूनबाईंमागून. सूनबाईंचे केस हलले. तो माझ्यापाशी येऊन थांबला. माझ्याएवढाच उंच होता. मग दाराकडे गेला.

बाहेर जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला. आमच्या इमारतीच्या लिफ्टला जाळीचं दार नाही.

घंटा थांबली.

७

"फेरी," मी म्हणालो. "लांबू?"

"आहे! बटणांपाशी!"

"वैद्यबाई?"

"आहे, दाराशी."

"सूनबाई?"

"आहे, बाबा." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मधोमध."

"भिंगरी?"

ती माझ्याकडे बघत होती. ओठ हलले. आवाज आला नाही. मी मनगट अजून सोडलं नव्हतं. नळाच्या पाइपातून आधी नुसती हवा येते, मग पाणी येतं. मी थांबलो. मला थांबता येतं.

"आहे," ती म्हणाली. आणि मग एवढ्या मोठ्याने, की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल, "आहे, आबा! आईच्या शेजारी! कंदील घेऊन!"

सूनबाईंनी मान वळवली. लेकीकडे बघितलं. टेबलावरच्या कपांकडे बघितलं. त्या ताडकन उठल्या. "अगं, तुझा चहा कुठाय? तुला चहा कसा दिला नाही मी?" आणि पोरीचं डोकं पोटाशी धरून रडायला लागल्या. आपण का रडतोय ते त्यांना कळत नव्हतं. मी सांगितलं नाही.

"अरे, कंदील तर आहे आपल्याकडे," लांबू म्हणाला. त्याने पडलेला कागदाचा कंदील उचलून भिंगरीपुढे नीट उभा केला.

एक काम राहिलं होतं. मी समोर बघितलं. खुर्ची रिकामी, काचेत कपबशा. चष्मिसने माझा हात धरला. "आबा, नका विचारू."

विचारायचं नाही म्हणजे काय? भीती वाटली म्हणून हाक गाळली, तर तो कसला कारागीर?

"अजून कोणी?" मी विचारलं.

आणि थांबलो.

काही आलं नाही. उजव्या कानात नाही, डाव्या कानात नाही. जन्मभर ही शांतता मी ऐकली होती. पण तिला कधी किंमत दिली नव्हती. त्या दुपारी मी ती पोटभर ऐकली.

मग बटण दाबलं.

लिफ्ट वर गेली. मनोऱ्याच्या टोकाला वारा होता. मी विचारलं, "कंदीलवाली, आता तू काय करतेस?"

भिंगरी उभी राहिली. "दिवा पेटवते."

"फासा टाकू?" लांबूने विचारलं.

"याला फासा नाही," मी म्हणालो. "दिवा पेटला."

चौघं एकदम ओरडली. लांबू खुर्चीवर चढला आणि त्याचं डोकं पंख्याला लागता लागता राहिलं. सूनबाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. मी सांगितलं, की दिव्याचा उजेड लांबवर गेला, वाट चुकलेल्या माणसांनी माना वर केल्या आणि ती घरी निघाली. मी सगळ्यांना खाली आणलं. एकेकाला माझ्या हाताला हात लावून दाराबाहेर सोडलं. चार चढले होते, चार उतरले.

त्या पाचव्या कपातला चहा कुणी प्याला नव्हता. तो मी मोरीत ओतला आणि कप दोनदा घासला.

८

सोमवारी भिंगरी गेली. बॅगा मीच खाली नेल्या. आता रविवारी दुपारी चौघं फोनच्या पडद्यावर जमतात, आणि सांगणारा मीच असतो. ती तिकडे मैत्रिणींना सांगते, माझ्या आजोबांसारखं कुणाला सांगता येत नाही. खरं आहे ते. फेरी झाली की मी शेवटचं विचारतो. चौघं श्वास रोखून धरतात. मी पुरेसा थांबतो.

आमच्या इमारतीची लिफ्ट मात्र अधूनमधून अडते. आत कुणी नसतं, तरी घंटा वाजत राहते. कंपनीची माणसं येऊन बघून गेली. त्यांना काही सापडलं नाही. सगळं ठीक आहे म्हणाले, आणि ठीकच आहे. लिफ्टचा दोष नाही. हल्ली शेजारी त्यांना बोलावतच नाहीत. माझं दार वाजवतात.

मी चपला घालतो, बाहेर येतो. लोकांना दोन पावलं मागे करतो. लिफ्टचं दार उघडून समोर उभा राहतो. आत आरसा असतो आणि कुणी नसतं.

"उतर," मी म्हणतो.

घंटा थांबते. गारठा माझ्या अंगाला घासून जातो.

मी बाजूला होत नाही. त्यालाच वळसा घालून जावं लागतं.